रिकाम्या खुर्च्या

धाकटे, तुला नि मुलांना आशीर्वाद.

मी बरी आहे, काळजी नको. मी पुसते त्या ऑफिसात आता टेबलांखाली यंत्रं लावलीत. दिवसभरात खुर्चीवर कुणी बसलं नाही, तर ते टेबल पुसायचं नाही आणि माझे तेवढे तास कमी. साहेबांना म्हटलं, "धूळ काय हजेरी बघून येते?" ते नुसते हसले. माझ्याबरोबरच्या दोघींना घरी बसवलं.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन रिकाम्या खुर्च्यांवर पाळीपाळीने बसते. यंत्राला वाटतं, साहेब आलेत. अजून तरी नोकरी टिकली आहे.

तुझ्या भाऊजींनी याच इमारतीत वीस वर्षं उभ्याने लिफ्ट चालवली. त्यांना कुणी स्टूलसुद्धा दिलं नाही.

तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना?

तुझी अक्का