निरोगी गुडघा

४ मार्च
मी चालवतो त्या एमआरआयवर नवी सोय आली. गुडघ्यातल्या कूर्चेचा, म्हणजे हाडांमधल्या मऊ गादीचा, रंगीत नकाशा निघतो. एक्स-रेत हाडं दिसतात, कूर्चा दिसतच नाही — ती झिजून हाडं जवळ आली की मग कळतं. यात म्हणे त्याच्या कितीतरी आधी कळणार. निळं-हिरवं असेल तर ठीक, नारिंगी-लाल असेल तर बिघाड सुरू. रेडिओलॉजिस्ट मॅडम भलत्याच खुशीत. तुलनेला निरोगी गुडघे हवेत. "घरचं कुणी असेल तर आणा," म्हणाल्या.

५ मार्च
बायकोला विचारलं. भांडी विसळत होती. म्हटलं, "तुझे गुडघे ठणठणीत आहेत, तूच ये की." उरलेली भांडी विसळून पालथी घातली. मग म्हणाली, "येते."

मागच्या वर्षी तिचं एकच चाललं होतं — जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ येते. शाळेत तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. शेवटी मीच एक्स-रे काढला, उभं करून, दोन्ही बाजूंनी. एकदम स्वच्छ. मी म्हणालो होतो, "गुडघा नाही, तुझा कंटाळा दुखतोय." आईसुद्धा हसली. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. मला वाटलं, राहिलं दुखायचं.

९ मार्च
तिचं स्कॅन झालं. काचेपलीकडून तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. जराही हलली नाही.

नकाशा पडद्यावर आला. डावा गुडघा, आतली बाजू — नारिंगी. मधोमध लाल. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा घेतलं. तेच!

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "या निरोगींच्या यादीत कशा?"
"माझी बायको आहे."
"कधी दुखतं म्हणाल्या नाहीत?"
मी निरोगींच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

११ मार्च
मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं. "कूर्चा अजून शाबूत आहे, पण आतून कमजोर व्हायला लागलीय. वेळेत कळलं. मांडीचे स्नायू बळकट करा, जिने टाळा. पुढची झीज लांबवता येईल."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे खरंच दुखत होतं?"
"दुखायला कारण आहे," मॅडम म्हणाल्या. बघत माझ्याकडे होत्या.

घरी येताना माफी मागितली. धड जमली नाही. "चुकलंच माझं," एवढंच. ती म्हणाली, "असू दे."

१२ मार्च
तिच्या मुख्याध्यापिकेला मॅडमची चिठ्ठी नेऊन दिली. पुढच्या आठवड्यापासून वर्ग तळमजल्यावर.

१५ मार्च
आज तिनं सांगितलं. सहा महिने दर गुरुवारी शाळेतून परस्पर मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जात होती. एकटी. त्यांना म्हणायची — "गुडघ्याला काही झालेलं नाही, माझ्या नवऱ्यानं स्वतः पाहिलंय. दुखतं ते माझ्या मनात. तेवढं बरं करा."