धबधब्यावरून तळ्याकडे

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार, २० जुलै २०२५

चि. रेवती,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग. पुण्यात पाऊस लागून राहिलाय असं टीव्हीवर दिसतं. इथे एखादा दिवस पडतो आणि मग आठवडाभर नुसती उमस.

फोन असताना सासूबाई पत्र का लिहितात, असं वाटेल तुला. घरी फोन घेतला की बाबा शेजारीच असतात, आणि ऑफिसात माझ्या टेबलाशी सदैव कुणीतरी फाइल घेऊन उभं. म्हणून लिहायला बसले.

तू आणि कौस्तुभ ऑगस्टमध्ये येताय. त्याचं गुरुग्रामचं काम शुक्रवारी संपतं म्हणालीस, तर त्यानंतरचा रविवार, चोवीस तारीख, माझ्यासाठी ठेवा. आपण चालायला जाऊ. खालच्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाताई तुला आठवत असतील, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या त्या. त्यांच्या ग्रुपबरोबर मी हल्ली महिन्यातून एकदा तरी कुठे ना कुठे जाते. मानेसरच्या पुढे अरवलीत एक जंगल आहे, तिथली वाट माझ्या डोक्यात आहे.

वाट गोल आहे, म्हणजे निघालो तिथेच परत यायचं. पाच-सहा किलोमीटर असेल. अवघड नाही, पण बागेत फिरल्यासारखीही नाही. आधी काटेरी झुडपं, मग धावड्याचं दाट रान, मग एक घळ. त्या घळीत धबधबा आहे. तू सह्याद्रीतला धबधबा मनात आणलास तर हसशील. हा जेमतेम दोन माणसं उंच, आणि तोही पाऊस झाला असेल तरच. पण दिल्लीची माणसं त्याच्यासमोर तासतासभर फोटो काढतात! त्याच्या बाजूने खडकावरून एक चढ आहे, तिथे हात टेकावे लागतात. पलीकडे उतरलं की जोहड, म्हणजे गावाचं जुनं तळं. तिथे वडाखाली बसून खायचं आणि सपाट वाटेने परत फिरायचं. थालीपीठं आणि दही मी घेईन. उजाडता उजाडता निघालो तर ऊन चढायच्या आत गाडीपाशी येऊ. तिथे बस जात नाही, टॅक्सी ठरवावी लागेल.

कौस्तुभला चालायची सवय आहे का? आणि त्याला काय चालत नाही तेही कळव.

बाबा ठीक आहेत. बीपीची गोळी बदलली आहे.

तुझी,
आई


कोथरूड, पुणे
सोमवार, २८ जुलै

ती. आईंना,

सा. नमस्कार. पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. कौस्तुभ सुट्टी मिळाली की गड चढतो, त्यामुळे चालण्याची काळजी नको. कारलं सोडून सगळं खातो. तुमची वाट त्याला वाचून दाखवली, तर लगेच म्हणाला, चलो.

आई, पण एक विचारते. एवढ्या मोठ्या पत्रात बाबांबद्दल दोनच वाक्यं आहेत, त्यातलं एक गोळीचं. ते येणार की नाही तेही नाही. बाबांना माहीत आहे ना? कौस्तुभबद्दल, डिसेंबरमधल्या लग्नाबद्दल? मी तुम्हाला मे महिन्यात सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यांना मी सांगते, तू नको सांगूस." म्हणून मी थांबले.

आणि आम्हाला घरी का बोलवत नाही? अर्धा तास चहाला बोलावलं तरी चाललं असतं.

आपला जयदीप गेला त्या वर्षी मी माहेरी पुण्याला परत निघाले, तेव्हा बाबा माझी बॅग घेऊन डब्यापर्यंत आले होते. बॅग वर ठेवली, साखळीने बांधली, किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. त्या माणसाला चुकवून मला जंगलात थालीपीठ खायचं नाही. कौस्तुभही तेच म्हणतो. त्यांना हे पसंत नसलं तरी चालेल, पण त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

तुम्ही रागावणार नाही हे माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं.

तुमची,
रेवती


लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
सोमवार, ११ ऑगस्ट

चि. रेवती,

अनेक आशीर्वाद. रागावले नाही. तुझं बरोबर होतं, त्यांना सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू, आणि चहा होईपर्यंत काहीतरी दुसरं निघायचं.

घरी का नाही, ते आधी सांगते. घरात मी कौस्तुभला बसवू कुठे? खिडकीजवळची खुर्ची जयदीपची. जेवणाच्या टेबलाची भिंतीकडची बाजू त्याची. गेल्या दिवाळीत बाबांचे फौजेतले एक मित्र आले आणि सहज त्या खुर्चीत बसले, तर ह्यांनी त्यांना उठवून सोफ्यावर बसवलं. त्या बिचाऱ्यांना काही कळलंच नाही. मानेसरच्या त्या जंगलात जयदीप कधी गेला नव्हता. ती वाट मला तो गेल्यावर माहीत झाली. तिथे कुठलीच जागा त्याची नाही, म्हणून ती निवडली.

आता काल काय झालं ते ऐक. पावसाने वाट कुठे खचली आहे का हे बघायला मी आणि चंद्रप्रभाताई जाणार होतो. सकाळी त्यांचा फोन आला, कंबर धरली आहे. मी एकटीच निघाले तर बाबा बूट चढवत म्हणाले, "जंगलात एकटी जाणार? मी येतो."

सुभेदार साहेबांना तू ओळखतेस. गाडी कुठे लावायची इथपासून पाण्याची बाटली कशी धरायची इथपर्यंत सूचना सुरू झाल्या. पण धबधब्याशी आलो आणि सूचना थांबल्या. चांगलं पाणी होतं. बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "दिल्लीजवळ असं काही असेल असं वाटलं नव्हतं."

मग खडकाचा चढ आला. ते आधी वर गेले आणि हात दिला. तो हात धरून मी अर्ध्या चढावर असताना म्हटलं, "रेवती लग्न करतेय."

तिथेच का म्हटलं, मला सांगता येणार नाही. घरी सांगितलं असतं तर ते उठून दुसऱ्या खोलीत गेले असते, एवढंच.

त्यांनी हात सोडला नाही. मला वर ओढून घेतलं, नीट उभी आहे का बघितलं, आणि पुढे निघून गेले. मी हाका मारल्या. झाडीत ते दिसेनासे झाले. मी तशीच एकटी उतरले. आधी भीती वाटली, मग इतका राग आला की काय सांगू! तीन वर्षं हेच चाललंय. काही झालं की हे पुढे निघून जातात आणि मी मागे हाका मारते. मनात म्हटलं, गाडी घेऊन गेले असतील तर जाऊ देत, मी रिक्षा शोधीन.

तळ्याशी आले तर तिथे बसले होते. बूट काढून शेजारी ठेवलेले आणि पाय पाण्यात. पलीकडच्या काठाला म्हशी डुंबत होत्या.

"कधी आहे?" माझ्याकडे न बघता विचारलं.

"डिसेंबरमध्ये."

"तुला कधी कळलं?"

"मेमध्ये."

"आणि मला सांगायला जंगलात आणलंस."

"मी कुठे आणलं? तुम्हीच आलात," मी म्हटलं.

त्यावर हसले नाहीत, पण चेहरा जरा सैल झाला. मीही शेजारी बसले. पाण्यात पाय हलवत म्हणाले, "तिचा फोन आला की मला वाटतं, त्याचं काहीतरी अजून चालू आहे. आता ते बंद होईल."

रेवती, एवढं वाक्य त्यांनी ह्या तीन वर्षांत माझ्याजवळ बोललेलं नाही. होणार नाही बंद, असं मी म्हणू शकले असते. पण ते मला तरी कुठे ठाऊक आहे? मी म्हटलं, "ती तुम्हाला चुकवून येणार नाही म्हणते. तुम्ही तिची बॅग साखळीने बांधून दिलीत, ते तिच्या लक्षात आहे."

त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मी म्हशींकडे बघत राहिले.

मग विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"मी अजून पाहिला नाही. गड चढतो म्हणे."

"मग हा चढ चढेल." पायमोजे घालता घालता म्हणाले, "मी येईन. पण मला बोलायला लावू नका. आणि त्याने माझ्या पाया पडायचं नाही. मला जमणार नाही ते."

परतताना ते पुढे, मी मागे. एका ठिकाणी काटेरी फांदी वाटेवर आली होती. मी पार होईपर्यंत त्यांनी ती धरून ठेवली.

तर वाट ठीक आहे, कुठे खचलेली नाही. चोवीस तारीख पक्की. टॅक्सी नको, गाडी बाबा चालवतील. चहाला घरी या असं मात्र अजून म्हणत नाही. त्या खुर्चीचं काय करायचं ते आमचं ठरलेलं नाही, आणि घाईने ठरवलेलं तुलाही आवडणार नाही.

कौस्तुभला एवढं सांग, बाबा बोलले नाहीत तर त्याने वाईट वाटून घेऊ नये. आणि त्याच्या आईला माझा नमस्कार कळव. त्यांना मी वेगळं पत्र लिहीन.

हे पत्र बाबांना वाचायला दिलं. वाचलं, चष्मा पुसला. "खाली दोन ओळी लिहा," म्हटलं, तर म्हणाले, "मी माझं स्वतंत्र लिहीन." कधी लिहितील सांगता येत नाही. तेव्हापासून कागद पुढ्यात आहे आणि अजून "चि. रेवती" च्या पुढे गेलेला नाही. तू त्याची वाट बघू नकोस. दोघं या.

तुझी, आणि कौस्तुभला चालणार असेल तर त्याचीही,
आई