अजातशत्रूचं शूटिंग

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीची सकाळची सभा शूट केली. शेवटी माईक रिकामा दिसला, घेतला आणि जाहीर करून टाकलं: बुद्धपौर्णिमेला, म्हणजे १२ मेला, बोरी अरबच्या विहाराच्या अंगणात माझा भव्य ऐतिहासिक चित्रपट दाखवला जाईल. टाळ्या. अठ्ठावीस दिवस हातात. पुरेसे आहेत. मुंबईवाले उगाच दोन-दोन वर्षं लावतात.
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. अक्षर मात्र स्वच्छ ठेवायचं.
घरी आल्यावर प्रेरणाने विचारलं, स्टोरी कोणती. बायकोला नेमका तोच प्रश्न सुचतो.

१५ एप्रिल
स्टोरी ठरली. सम्राट अशोक नको, तो सगळेच करतात. मी अजातशत्रू करणार. मगधचा राजा बिंबिसार, बुद्धांचा मित्र. त्याचा मुलगा अजातशत्रू त्याला कोठडीत टाकून राज्य घेतो. अन्न बंद करतो. राणी आत जाताना चोरून खायला नेते, तर तिलाही बंदी. बाप उपाशी मरतो. त्याच दिवशी अजातशत्रूला मुलगा होतो आणि बापाचं काळीज म्हणजे काय ते त्याला कळतं. उशिरा. मग तो बुद्धांकडे जाऊन रडतो.
लिहितानाच अंगावर काटा आला. बावीस वर्षं लग्नं शूट केली. घोडा, फेटे, फौज, रडारड. मी नकळत एपिकचाच सराव करत होतो.
डायरेक्शन माझं. अजातशत्रूही मीच. वय एकोणपन्नास, पण केस रंगवले की पस्तीस.

१७ एप्रिल
कास्टिंग. बिंबिसार: आमचे बाबा. देवराव, वय एकोणऐंशी, रिटायर पोस्टमन. चौतीस वर्षं सायकलवर उन्हातान्हात टपाल वाटलं, त्यामुळे चेहऱ्यावर आपोआप इतिहास आहे. विचारलं तर म्हणाले, "मले काय येते बाबू? मी त आजपरेंत फक्त सही करा म्हनत आलो." मी म्हणालो, बाबा, तुम्ही फक्त बसा, बाकी मी करून घेतो. लाजले. मग आरशात पाहताना दिसले.
राणी: प्रेरणा. आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, मामाजी, म्हणजे बाबा, असतील तर मी असतेच. तिच्यातली कलावंत जागी होत आहे.
कॅमेरा: सेवादास. माझ्याबरोबर दहा वर्षं लग्नं करतो. गुणी माणूस, पण बोलतो फार.

२१ एप्रिल
कोठडी मिळाली. गावाबाहेरचं जुनं कापसाचं गोदाम. वर टिन, एक दार, उंचावर एक झरोका. झरोक्यातून उन्हाचा पट्टा पडतो तो असा की पैसे देऊन मिळणार नाही.
आत एक घार मरून पडलेली होती. सेवादास म्हणाला, उन्हानं पडली असंन. त्याने ती बाहेर नेऊन पुरली आणि परत येऊन म्हणाला, "भाऊ, सकाळी सात ते नऊ शूट करू. त्याच्यानंतर इथं मानूस राहू शकत नाही." मी समजावलं की उन्हाचा पट्टा बाराला येतो. कलेला घड्याळ नसतं. (उन्हाच्या पट्ट्याला असतं.)

२४ एप्रिल
पहिला दिवस. दरबाराचा सीन, घरच्याच अंगणात. उत्तम. बाबा सिंहासनावर (सलूनची जुनी खुर्ची, वर शालू) असे बसले की शेजारणीने नमस्कार केला. एका टेकमध्ये पूर्ण डायलॉग. पोस्टमनची स्मरणशक्ती, चौतीस वर्षांचे पत्ते पाठ.
माझे अकरा टेक झाले. मुकुट घसरत होता.

२६ एप्रिल
एकच अडचण. बाबा धडधाकट दिसतात. उपाशी राजा वाटत नाहीत. मेकअपने गाल खोल केले तर घामाने ओघळून दाढीत गेले.
संकल्प: बाबांचं डाएट. दोन वेळ चहा, एक भाकर. आठ दिवसांचा प्रश्न आहे. बाबांना सांगितलं. म्हणाले, "तू म्हनशील तसं."
प्रेरणा म्हणाली, त्यांची बीपीची गोळी चालू आहे, उपाशी पोटी चालत नाही. मी म्हणालो, भाकर आहे ना.

२८ एप्रिल
तापमान ४४. गोदामात पहिला सीन. पंखा लावता येत नाही, आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. दोन हॅलोजन. बाबा पट्ट्यात बसले. गालाची हाडं आता दिसू लागलीत. मॉनिटरवर पाहून मला भरून आलं. मीच हे घडवलं.
दुपारी बाबांच्या हाताला कंप. सेवादासला म्हणालो, क्लोजअप घे.

३० एप्रिल
राणीचा सीन. प्रेरणा पदराआड भाकर लपवून आत येते, असं स्क्रिप्टमध्ये आहे. कट म्हणाल्यावर पाहतो तर पदराआड खरी बाटली. मीठ-साखरेचं पाणी. बाबा घटाघटा पीत होते आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी होती.
मी संतापलो. कंटिन्युइटी नावाची गोष्ट असते. आधीच्या शॉटमध्ये ओठ कोरडे, पुढच्या शॉटमध्ये ओले. प्रेक्षक मूर्ख नसतो.
ती म्हणाली, "तुमच्या सिनेमात त्या राजानं राणीले काहून बंदी केली होती, ते एकदा वाचा."
मला कथा तोंडपाठ आहे. उद्यापासून राणीचे सीन संपले असं तिला सांगितलं. सेटवर यायचं नाही.

२ मे
आज कामात शिस्त होती. प्रेरणा नाही, कटकट नाही.
बाबा आता भूमिकेतून बाहेरच येत नाहीत. गोदामात जाताना दाराशी थांबले. चौकटीला हात लावून उभे. मी म्हणालो, काय झालं. म्हणाले, "काई नाई. आत गेलं का तुही माय आठवते." हा डायलॉग नव्हता, पण घ्यायला हवा होता. कॅमेरा सुरू नव्हता.
झरोक्यावर दोन कावळे येऊन बसतात. चोच उघडी. आवाज करत नाहीत, म्हणून हाकलले नाहीत.

३ मे
आज बाबांनी कमाल केली. पट्ट्यात बसून काहीतरी पुटपुटत होते. टिन तापलं की तडतडतं, त्यामुळे शब्द कळले नाहीत. सेवादास म्हणाला, "भाऊ, काका डायलॉग सोडून बोलून राह्यले." मी म्हणालो, रोल चालू ठेव. याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. मोठे नट असंच करतात. मग मी अॅक्शन म्हणालो आणि बाबांनी मान वर करून पूर्ण डायलॉग म्हटला. एक शब्द चुकला नाही.
घरी येताना बाबा मोटारसायकलवरून एकदा डावीकडे कलले. सेवादास मागे बसला होता, त्याने धरलं. म्हणाला, उद्या सुट्टी द्या काकांले. उद्या क्लायमॅक्स आहे.

४ मे, रविवार. सकाळ
तापमान ४५ सांगितलं आहे. क्लायमॅक्स: बिंबिसार एकटा, बंद दार, झरोक्याकडे पाहत. दार खरोखर बाहेरून बंद करणार. आतल्या माणसाला बंद दाराची जाणीव असली की डोळ्यांत उतरते. बाबांना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "किती येळ?" म्हणालो, अर्धा तास.

४ मे. नंतर
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाहीत.
साडेअकराला बाबांना आत बसवलं. कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला. कुलूप लावलं, किल्ली खिशात. तेवढ्यात लाइट गेली. हॅलोजन बंद. सेवादास गाडीवर दारव्ह्याला चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणायला गेला. जाताना म्हणाला, काकांले बाहेर काढा. मी म्हणालो, काढतो.
काढणारच होतो. पण न्यूज चॅनेलवाला आला. यूट्यूबवरचा, तरी चॅनेल. त्याला चौकातल्या कडुनिंबाखाली इंटरव्ह्यू हवा होता, पाच मिनिटं. त्याने विचारलं, अजातशत्रूच का? चांगला प्रश्न. मी मुळापासून सांगितलं. बापाच्या दुःखावर बोलताना माझा कंठ दाटून आला, तर त्याने तो भाग परत घेतला, अँगल चुकला होता म्हणून.
परत आलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं. दार उघडं. कुलपासकट कोयंडा उखडलेला. जमिनीवर लोखंडी सब्बल. प्रेरणा बाबांचं डोकं मांडीवर घेऊन दारात बसली होती. ओल्या पदराने त्यांची छाती पुसत होती. बाबांचं अंग लाल, कोरडं, घाम नाही. डोळे उघडे पण ओळख नाही.
मी म्हणालो, किल्ली होती माझ्याकडे.
तिने वर पाहिलं नाही. तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

७ मे
बाबा यवतमाळला दवाखान्यात. उष्माघात. किडनीवर परिणाम. डॉक्टरांनी विचारलं, हे इतक्या उन्हात कुठे होते, खाल्लं काय होतं. मी म्हणालो, हवामान फार विचित्र झालंय. डॉक्टरांनी प्रेरणाकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं. तारखांसकट.
बहीण रुपाली महागावहून आली. बाबांच्या पायाशी बसून राहिली.
लाइट गेली नसती तर हे झालं नसतं. हे कोणी लक्षात घेत नाही.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात वंदनेला गेलो. कोणी सिनेमाचं विचारलं नाही. हे वाईट. सगळे बाबांचं विचारत होते, आणि उत्तर ऐकायला थांबत नव्हते, कारण त्यांना माहीत होतं. एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.
बाबांना काल डिस्चार्ज मिळाला. रुपालीने त्यांना थेट महागावला नेलं. प्रेरणाही गेली. किती दिवस, विचारलं. "पाहू," म्हणाली.
संकल्प: सिनेमा पूर्ण करायचा. बाबांसाठी. आता त्यांचे कष्ट वाया जाऊ देणं म्हणजे खरा अन्याय.

१७ मे
एडिटिंगला बसलो. ३ मेची ती क्लिप. इम्प्रोव्हायझेशनची. हेडफोन लावले, टिनची तडतड फिल्टरने कमी केली.
बाबा म्हणत आहेत: "प्रफुल्ल. बाबू. घोटभर पानी दे ना. तहान लागली बाबू." थांबतात. परत: "प्रफुल्ल."
मग माझा आवाज. अॅक्शन.
आणि बाबा मान वर करतात आणि म्हणतात, "मगधच्या राजाला आज आकाशाचा एवढा तुकडा पुरे आहे." स्पष्ट. एकही शब्द चुकलेला नाही.
चार वेळा ऐकलं. नंतर जेवलो नाही.

१९ मे
सगळं डिलीट केलं. कॉम्प्युटर, बॅकअप, एकूण एक फाइल. कार्ड फॉरमॅट करून सेवादासला परत दिलं. तो विचारत राहिला, भाऊ, पक्कं का? मी म्हणालो, ज्या सिनेमाने बापाला मारायला घेतलं तो जगात राहणार नाही.
हलकं वाटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा झोप लागली. अजातशत्रू बुद्धांसमोर बसला तेव्हा त्याला असंच वाटलं असेल. आता महागावला जायचं, बाबांचे पाय धरायचे आणि सांगायचं की मी काय केलं. ते समजतील. प्रेरणालाही कळेल की मी कोणत्या टोकापर्यंत जाऊ शकतो.

२५ मे, रविवार
महागाव. एसटीने गेलो, दारव्ह्याला गाडी बदलून.
रुपालीच्या घरी बाहेरच्या खोलीत आठ-दहा लोक सतरंजीवर बसलेले. मला वाटलं, बाबांचं काही झालं. पण बाबा खुर्चीत होते. बारीक झालेत. स्वच्छ सदरा, भांग पाडलेला. मला पाहून हसले. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. आनली का?"
काय, बाबा?
"फिलिम."
शेजारचे लोक त्यासाठीच बोलावले होते. मी येणार असं प्रेरणाला कळवलं होतं, तेव्हापासून तयारी. रुपाली आतून म्हणाली, दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून एकच, नर्सला सांगत, डॉक्टरला सांगत: म्या राजाचं काम केलं. टीव्हीला पेन ड्राइव्ह लागतो का हे तिच्या पोराने दोनदा तपासून ठेवलेलं.
मी ठरवून आणलेलं सगळं बाजूला ठेवलं. कसंबसं म्हणालो, बाबा, मी तुम्हाला फार त्रास दिला.
बाबा म्हणाले, "झाला त्रास. खोटं कायले बोलू. दोनदा वाटलं आता मरतो. पन तू खुश होता. तुही माय गेल्यावर मी तुले तसा पाह्यलाच नव्हता." मग लोकांकडे वळून, "एका डावात बोललो मी पूरं. याले पुसा."
पाणी पितो म्हणून बाहेर आलो. नळाशी उभं राहून सेवादासला फोन. कार्डवरचं परत येतं का. तो म्हणाला, भाऊ, त्या कार्डावर परवा दिग्रसची हळद शूट केली. काल लग्न. भरलं ते.
प्रेरणा उंबऱ्यात उभी होती. तिने ऐकलं होतं. हातावरच्या पट्ट्या निघाल्यात, नवी कातडी गुलाबी आहे. बाजूला सरकून तिने मला आत जायला वाट दिली.
आत गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणालो, एडिटिंग बाकी आहे.
बाबांची मान थोडी खाली गेली. लगेच वर केली. लोकांना म्हणाले, मोठं काम असते, टाइम लागते. लोक हळूहळू उठले, चपला घालून गेले.
मग मला जवळ बोलावून, कोणी ऐकू नये अशा आवाजात: "दसऱ्यापरेंत होईन ना बाबू? मी राहीन तवापरेंत."
मी हो म्हणालो.