साखऱ्याचा न्यूट

१६ जून, रविवार
शेततळ्यात शेपटीवाले जीव सापडले. न्यूट! बेडकाच्याच गोतातला, पण जन्मभर शेपटी वागवणारा. पुस्तक म्हणतं, मराठवाड्यात नसतो. पुस्तकवाले साखऱ्याला कधी आले होते? सगळे आणून घरच्या कूलरच्या टाकीत सोडले. मोटर बंद. बायकोला, मिनाला, सांगितलं, दोनच दिवस.

१९ जून
न्यूटचा नर मादीपुढं शेपटी हलवून नाचतो. आज एक नाचला! दुसऱ्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे मादीच. मिनाला बोलावलं. ती म्हणे, उकडून जीव चालला अन् तुमी नाच काहून दाखवून राहिले?

२३ जून
मादी एकेक अंडं पानात गुंडाळते. म्हणून पालक टाकला. पालक खाल्ला. डोहाळेच हे. नांदेडच्या प्राध्यापकांना फोन केला, १४ जुलैला येतो म्हणाले. नव्या जातीला माझं नाव लागणार. शाळेत सांगून टाकलं.

२८ जून
पाय फुटले. मागचे. न्यूटला पुढचे आधी फुटतात. पण आपल्याकडं रस्ता आधी करून मग पाइपलाइनसाठी खोदतात, तिथं पायांचं काय घेऊन बसायचं.

५ जुलै
पावसानं दडी मारली. शेततळं आटलं. शेजारचा ग्यानोबा आला. पावसासाठी गाव धोंडी काढणार, पण मुसळाला बांधायला जिता बेडूक कुठंच न्हाई, तुमच्या कूलरमधला द्या म्हणे. त्याला बराबर समजावलं, हे न्यूट आहेत, शेपटी बघ. म्हणे, मग शेपटीसकट बांधू. टाकीवर जाळी बांधून टाकली.

१० जुलै
शेपट्या आखूड वाटतात. चष्म्याचा नंबर वाढला असावा. झोप नाही. मिना अंगणात चटई टाकून निजते.

१४ जुलै, रविवार
प्राध्यापक आले. टाकीवरची जाळी काढली, तर पहिल्यानं थेट त्यांच्या पोह्यांच्या बशीत उडी मारली. शेपटीचा पत्ता नाही. तेवढ्यात धोंडी दारात. मिनानं त्याला बशीतून उचलून ग्यानोबाच्या हातावर ठेवलं. रीतीप्रमाणे मुसळावर तांब्याभर पाणी मीच ओतलं. ग्यानोबा सगळ्यांदेखत म्हणे, आख्ख्या साखऱ्यात सरांच्याच घरी बेडूक निघाला, गावाची लाज राखली. प्राध्यापकांनी फोटो काढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिना कूलर धुऊन राहिली. तळाशी एक सापडला. त्याला शेपटी आहे! चांगली आहे. बाकीचे असतील बेडूक, ते चुकून आले असतील. हा न्यूट. बादलीत ठेवला. प्राध्यापकांना उद्या सकाळीच फोन.

१५ जुलै
गळाली.