‘रुको’ म्हणायचं काम

नोएडा, ३ ऑगस्ट

ती. सौ. इंदुआत्यास,
स्वरूपाचा शि. सा. न.

फोनवर बोललं की सासूबाई ऐकतात, म्हणून लिहिते. मी पाळणाघरात काम करायचा कोर्स लावलाय. पास झाले तर तिथेच नोकरी, आणि मैत्रेयीला बरोबर ठेवता येईल. नाही झाले तर दुसरीकडे कुठेतरी काम धरायचं आणि तिला सासूबाई गावी नेणार. अजून अंगावर पिते गं ती.

मॅडमनी स्वभाव ओळखायचे प्रश्न विचारले. नवीन माणूस आला तर काय करता, गर्दी दिसली तर काय करता. मी खरंखरं सांगितलं, घाबरते. मग स्वभाव बघून चौघीचौघींचे ग्रुप केले, कामं वाटली. मीनाक्षी धीट, ती पुढारी. राधा नीटनेटकी, तिने मांडामांड करायची. चेतना बोलकी, तिने बोलायचं. आणि मी भित्री, म्हणून मी काय चुकतंय ते बघायचं आणि ‘रुको’ म्हणायचं. सगळ्या हसल्या. घरी जयेश पण म्हणाले, बिल्कुल बरोबर ओळखलं. पण मीनाक्षीला थांबवायला तोंड कसं उघडू?

‘रुको, रुको’ करून मी चिडकी झाले तरी माया कमी करू नकोस.
तुझी स्वरूपा


कराड, ११ ऑगस्ट

चि. सौ. स्वरूपास,
आत्याचे अ. उ. आ.

लहानपणी घाटावर काठी टेकवून बघितल्याशिवाय तू पायरीवर पाय ठेवायची नाहीस. तुझे भाऊ चिडवायचे आणि तेच घसरून पडायचे. म्हणजे हे काम तुला आधीपासून येतंय. तुझे काका म्हणाले, दिल्लीला जाऊनही भित्रीच राहिली. स्वतः झुरळ दिसलं की पलंगावर चढतात!

मैत्रेयीला न्यायचं सासूबाई म्हणतात. त्यावर तू काय म्हणालीस ते पत्रात कुठेच नाही. ते कळव.

बाळाला पापा. आमची आठवण ठेव.
इंदुआत्या


नोएडा, २ सप्टेंबर

ती. सौ. इंदुआत्यास,
शि. सा. न.

परीक्षा झाली. बाळांना निजवायची खोली वेळेत लावायची होती. मीनाक्षी ‘चलो, हो गया’ म्हणणार तेवढ्यात मला पडद्याची दोरी पाळण्यात लोंबताना दिसली. तिच्याकडे न बघताच म्हणाले, रुको. दोरी वर बांधेपर्यंत वेळ संपली, दुधाच्या बाटल्या मांडायच्या राहिल्या. वाटलं, माझ्यापायी चौघी नापास. परीक्षेच्या बाईंनी विचारलं, काम अर्धं का? बोलायचं चेतनाने, तर ती मीनाक्षीकडे बघायला लागली. मग मीनाक्षी म्हणाली, ये बोलती है रुको, तो हम रुकते हैं. मार्क कापले, पण पास केलं. सोमवारपासून कामावर.

घरी आले तर सासूबाई मैत्रेयीचे कपडे पिशवीत भरत होत्या. पास झाले म्हटलं तरी म्हणाल्या, नेतेच मी, तिथे इतक्या पोरांत हिच्याकडे कोण बघणार. जयेश चपला शोधायला लागले. घरात मला हे काम कुणी दिलेलं नाही आत्या. तरी म्हणाले, थांबा.

कपडे परत फळीवर ठेवलेत. सासूबाई बोलत नाहीत, जयेश गुपचूप चहा करून देतात. मैत्रेयी मांडीवर हलतेय, म्हणून अक्षर वाकडं. भीती आहे तेवढीच आहे.

काकांना नमस्कार, झुरळांपासून जपा म्हणावं. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी स्वरूपा