पानगळीचं काम

२ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ. वि. वि. तुला आता या वयात ठोंब्या म्हणू नये असं तुझ्या बायकोचं म्हणणं आहे. पण पाण्याच्या पंपावर साहेब झालास म्हणून काय झालं? सख्ख्या बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

इथं थंडीची पहिली झुळूक आली. काल सकाळी खिडकीच्या काचांना आतून घाम फुटला होता आणि दुपारपर्यंत आमच्या दुकानात कोटांची रांग लागली. वर्षभर कपाटात लोंबणाऱ्या कोटाची चेन बिघडलीय, अस्तर उसवलंय, हे सगळ्या गावाला एकाच दिवशी कसं आठवतं ते मला अजून कळलेलं नाही. पोरांच्या बाह्या सोडायच्या, बाप्यांच्या पोटावरची बटणं सरकवायची. मालकांनी यंदा शिलाईच्या बायकांवर मला मुकादम केलंय. पगार तोच, बोलणी दुप्पट.

अंगणातली झाडं पिवळी पडलीत, आता धडाधड सगळं खाली येईल. हे दिवस म्हणजे बाबांचे. इथं होते तेव्हा सकाळी उठल्यापासून हातात दाताळं. चहा घेतला की नाही ते विसरतील, पण पान पडलेलं दिसलं की हात आपोआप चालायचे. यंदा दाताळं दाराआड उभं आहे आणि मी कामावरून आले की आधी त्याच्याकडे बघते. वेडेपणा, दुसरं काय.

त्यांना तुझ्याकडे पाठवलं ते बरंच केलं, असं मनाला रोज बजावते. मागच्या थंडीत घरातल्या चपलांवर बर्फात निघून गेले आणि फळवाल्याच्या पायरीवर सापडले. पायाची बोटं थोडक्यात वाचली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की यांना इथली आणखी एक थंडी दाखवू नका. तुझ्याकडे ऊन आहे, वाट चुकले तरी गारठणार तर नाहीत. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. जेवतात का? झोप लागते का? माझी आठवण काढतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल, तर ते लिहू नकोस.

धाकटीला सांग, तुझ्या बायकोला म्हणजे, की बाबांना मोजे घालताना डाव्या पायापासून सुरुवात करायची, नाहीतर ते रुसतात. कळावे. लोभ आहेच, उत्तर वेळेवर आलं तर वाढेल.

तुझी ताई


१२ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. महिना झाला नव्हता, पण तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय?

तुझ्याकडे कोट निघाले, आमच्याकडे अजून पंखा थांबलेला नाही. उन्हाळा संपला असं कॅलेंडर म्हणतं, झाडांना ते कोणी कळवलेलं नाही. इथली पानं थंडीनं गळत नाहीत, तहानेनं गळतात. पाऊस यायला अजून अवकाश आहे आणि तोवरचे हे दिवस सगळ्यात वाईट. डोंगरावरचं गवत वाळून कुरकुरीत झालंय आणि पलीकडून गरम वारा सुटतो. तो सुटला की अख्खं गाव नाकानं जगतं; जरा धुराचा वास आला की माणसं दारात. उघड्यावर सिगरेट ओढली तरी दंड. टाकीतलं पाणी इतकं खाली गेलंय की मला घरी जेवतानासुद्धा तो टाकीवरचा काटाच दिसतो. वणवा लागला तर बंबांना पाणी आमच्या पंपावरून जाणार, म्हणून सगळ्यांच्या रजा बंद.

बाबा मात्र खुशीत आहेत. इथं आल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलेच नव्हते. सारखे झाडू घेऊन मागच्या अंगणात. कुंपणाच्या कडेनं पानांचे ढीग असे रचलेत की शेजारीण धाकटीला म्हणाली, तुमचे सासरे आम्हाला उसने द्या. संध्याकाळी ढिगाशेजारी स्टूल टाकून बसतात आणि रस्त्यावरच्या गाड्या बघतात. जेवण व्यवस्थित. मोजे डाव्या पायापासून.

एक तक्रार आहे. स्वयंपाकघरातली काडीपेटी दोनदा नाहीशी झाली. मला दाट संशय आहे की म्हाताऱ्यानं चोरून सिगरेट सुरू केलीय. धाकटी म्हणते की या वयात ओढली एखादी तर काय बिघडलं. ओढा म्हणावं, पण घरात बसून ओढा, नाहीतर पंपावरच्या साहेबाच्या बापाला दंड झाला अशी बातमी व्हायची.

खाली बाबांनी स्वतः दोन ओळी लिहिल्यात. अक्षर अजून आपल्या दोघांपेक्षा बरं आहे. लोभ असू दे, आणि असला तर तो टोमण्यांतून पाठवू नये.

तुझा ठोंब्या

चि. ताईस अ. आ. पानं चांगली वाळली आहेत. वारा पडला की काम उरकू. तू फार दमत जाऊ नकोस. – बाबा


तार, २१ सप्टेंबर

बाबांकडून काडीपेटी ताबडतोब काढून घ्या. पानांचे ढीग आजच हलवा. पत्र मागून. – ताई


२१ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ. तार वाचून तुझी घाबरगुंडी उडाली असेल. उडू दे. माझी इथं उडालेलीच आहे.

तुझं पत्र जेवताना वाचत होते. काडीपेटीच्या ओळीशी आले आणि घास तोंडातच राहिला. अरे, सिगरेट कसली? तू कधी पाहिलं नाहीस, पण इथं पानगळीत पानं जाळतात! रविवारी दुपारी, घरोघरी, सगळी गल्ली. जमीन ओली, हवा ओली, ढीग पेटता पेटत नाही. काड्या फुकट जातात, डोळे चुरचुरतात, आणि एकदाचा पेटला की शेजारीपाजारी हात शेकायला येतात. आमच्या अंगणात हे काम बाबांचं. त्यांना वार कळत नसे, कधी कधी मी कोण तेही कळत नसे, पण पानं पडली की ढीग करायचा आणि ढीग झाला की पेटवायचा, एवढं पक्कं होतं. त्यांच्या लेखी ते अजून माझ्याच अंगणात आहेत. पानं पडली म्हणजे त्यांची पानगळ आली. तुझ्या त्या कुरकुरीत डोंगराखाली, ठोंब्या! वारा पडला की काम उरकू, याचा अर्थ आता तरी कळला का तुला?

तुझ्या पंपघरातला फोन फक्त टाकीवरच्या माणसाशी बोलतो, त्याला मी काय करू? तारघरात एकामागून एक तीन कागद फाडले, तेव्हा खिडकीतल्या माणसानं हळूच विचारलं, कोणी गेलं का. मी म्हटलं, अजून नाही. ती तार तुला मिळेपर्यंत तिकडे काय काय झालं असेल याचाच विचार करत मी आज चार कोटांच्या बाह्या उलट्या बसवल्या आणि बाकीच्या बायकांनी त्या मुकाट्यानं उसवल्या.

मालकांकडे रजा मागितली. ते म्हणाले की कोटांच्या दिवसांत मुकादमच गेली तर दुकान त्यांनी शिवायचं का; बर्फ पडला की कोट आटोपतात, मग खुशाल जा.

बाबांवर ओरडू नका. काडीपेटी गोडीगुलाबीनं काढून घ्या. आणि उलट टपाली उत्तर टाक, नाहीतर मला वेड लागेल. लोभ असो, तो ढीग हलवल्यानंतर व्यक्त केलास तरी चालेल.

तुझी ताई


२६ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तार पंपावरच मिळाली. वाचली आणि जोडीदाराला पंपावर बसवून धावत सुटलो. धावताना सारखा डोंगराकडे बघत होतो, धूर दिसतोय का म्हणून. बाबा ढिगाशेजारी स्टुलावर बसले होते, काडीपेटी शर्टाच्या खिशात. मला वाटलं हिसकावून घ्यावी लागेल, पण मागितली तशी निमूट दिली. दुसरी उशीच्या अभ्र्यात सापडली. शेजाऱ्यांचा टेम्पो मागून आणला आणि मी नि धाकटीनं सगळा पाला गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकला. कुंपणाच्या कडेला एक पान ठेवलं नाही. बाबा बघत होते. रात्री जेवले नाहीत. म्हणाले, दिवसाढवळ्या चोर पानं नेतात आणि घरचीच माणसं त्यांना हातभार लावतात.

आज तुझं पत्रही आलं. मग मला राहवेना. बाबांना विचारलं की इतके दिवस काडीपेटी खिशात होती, मधे वाराही पडला होता, मग पेटवलं का नाही? तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू विसरभोळा मीच. म्हणाले की ताई कामावरून आल्याशिवाय पेटवायचं नाही असं ठरलेलं आहे. हल्ली तिला उशीर होतो. म्हणून अंधार पडला की आत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

ताई, मला वाटायचं ते गाड्या बघतात. मी तोंड धुवायला म्हणून आत गेलो आणि पाण्याची एवढी टंचाई असताना नळ सोडून उभा राहिलो. तू विचारलं होतंस ना आठवण काढतात का? हे त्याचं उत्तर.

आता काळजी करू नकोस असं लिहिणार होतो. पण वारा पुन्हा सुटलाय आणि आम्हाला मुक्कामाला पंपावर बोलावलंय. घरी धाकटी आहे. बाबा झाडू शोधतायत, तो मी माळ्यावर टाकलाय. लोभ आहे तसाच ठेव, आणि जमलं तर मला थोडा धीर दे.

तुझा ठोंब्या


२ ऑक्टोबर

ती. वन्सं यांना,

सा. न. वि. वि. पत्र मी लिहितेय म्हणून घाबरू नका. आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी. हे अजून पंपावर आहेत. आवाज पार बसलाय, पण धडधाकट आहेत. मी नि बाबा शाळेच्या हॉलमध्ये आहोत, आणखी शंभरेक माणसांबरोबर.

परवा दुपारी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर त्यांवर राख. वर बघितलं तर डोंगराच्या मागून धूर. विजेची तार तुटून ठिणगी पडली म्हणतात. भोंगा झाला आणि गल्लीच्या तोंडाशी बस आली, सगळ्यांनी निघा म्हणून. मी औषधं घेतली, कागद घेतले, आणि बाबांना घ्यायला मागे गेले. ते स्टुलावर. ढीग नाही, काही नाही, तरी तिथंच. म्हणाले, ताई यायची वेळ झालीय. घर बंद दिसलं तर ती बिचारी कुठं जाईल?

समजावलं, रागावले, शेवटी हाताला धरून ओढलं. त्यांनी कुंपणाची फळी घट्ट धरली. या वयात एवढी ताकद कुठून येते कोण जाणे. बसवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, धुरानं डोळे उघडवत नव्हते. ह्यांना बोलवावं तर ह्यांनी पंप सोडला की बंबांचं पाणी बंद. मी रडकुंडीला आले, वन्सं, आणि तुमच्या नावानं खोटं बोलले. म्हटलं, त्या आल्यात, खाली बसपाशी उभ्या आहेत, तुम्हाला बोलावतायत. फळी लगेच सुटली. केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट केला आणि उलट मलाच म्हणाले, चल लवकर, तिला उभं ठेवू नये.

बसमध्ये चढून त्यांनी एकेक बाक बघितलं. शेवटपर्यंत जाऊन आले. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

घर वाचलं. वरच्या अंगाची दोन घरं गेली. आपलं मागचं कुंपण जळलं, स्वयंपाकघराच्या काचा तडकल्या. बंबवाल्यानं ह्यांना सांगितलं की कुंपणाला पाला टेकलेला असता तर घराची आशाच नव्हती. तुमच्या तारेनं घर राखलं.

पण बाबा माझ्या हातचं खात नाहीत. गोळी दिली तर थुंकतात. ह्यांना पंपावरून घटकाभर सोडलं तर ह्यांच्या हातून बाबा पाण्याचा घोट घेतात, नाहीतर तोही नाही. हॉलमध्ये सगळ्यांना सांगतात की ही बाई खोटं बोलते. एरवी सगळं विसरतात, मग हेच कसं विसरत नाहीत? आणि डोंगरामागं अजून धुमसतंय. वारा फिरला तर इथूनही हलावं लागेल असं आजच सांगून गेलेत. तेव्हा मी त्यांना काय सांगून उठवू? तुमचं नाव दुसऱ्यांदा चालणार नाही.

चूक झाली असेल तर पोटात घाला. लोभ आहे, तो या कारणानं कमी होऊ देऊ नका.

आपली,
धाकटी


७ ऑक्टोबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. मी मालकांना सांगितलं की मुकादमी दुसरीला द्या. ते चिडले, मग माझ्या अंगावरच्या कोटाकडे बघून म्हणाले की निदान स्वतःचं बटण तरी लावून जा. शनिवारी निघते, त्याआधीचं तिकीट मिळालं नाही. तिकडचा पाऊस पडेपर्यंत राहीन, पुढचं आपण सगळे मिळून ठरवू. हे पत्र माझ्याआधी पोचेल. धाकटी ते तुम्हाला रोज वाचून दाखवेल, तेव्हा पुन्हा तेच काय म्हणून वैतागू नका.

एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी आले होते. बसपाशीच उभी होते. धाकटीनं मला बघितलं म्हणून तर तुम्हाला हाक मारली. मग गर्दी झाली, मला दुसऱ्या बसमध्ये बसवलं आणि आपली चुकामूक झाली. तेव्हा तिला खोटारडी म्हणू नका. ती खोटं बोलत नाही. तिच्या हातचं जेवा, तिनं दिलेली गोळी घ्या.

पानांचं काम यंदा झालं, बाबा. अंगण स्वच्छ आहे, पेटवायचं काही उरलं नाही. मी आल्याशिवाय पेटवायचं नाही असं आपलं ठरलं होतं आणि तुम्ही शब्द पाळलात. मला इथं सगळं कळलं. काडीपेटी खिशात असून तुम्ही रोज वाट बघत बसलात, हे वाचलं तेव्हा मी दुकानात सगळ्यांदेखत रडले.

आता नवीन ठरवायचं आहे. तेही असंच पाळायचं. धाकटी उठा म्हणाली की उठायचं. चला म्हणाली की चालायचं. ताई आली का, असं विचारत बसायचं नाही. मी येतेच आहे. पण गाडी चुकेल, रस्ता बंद असेल, मला कामावरून उशीर होईल. ती हाक मारेल तेव्हा मी समोर दिसले नाही, तर माझ्यासाठी थांबू नका.

आशीर्वाद असू द्या, आजवर होते तसेच.

तुमची,
ताई