पळणे, वाहणे, चालवणे

"घर मी चालवते, तू शीक," असे माझी थोरली बहीण मला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, तेव्हा वडील नुकतेच गेले होते आणि तिच्या हातात ओले फडके होते. माझे पुढचे सगळे आयुष्य त्या वाक्यावर उभे राहिले, म्हणून हा कागद मी तिथून सुरू करते. वकिलांना हे पसंत नाही. त्यांना हवी ती सुरुवात अशी: मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, व्यवसाय शब्दकोशाचे काम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. तेही खरेच आहे.

गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत, मी त्यांच्याइतकी नाही. हा दोष आईकडून आला असावा, असे ते म्हणतात, आणि सख्ख्या बहिणीने तपासून घ्यायलाच हवे. वेळेत कळले तर इलाज आहे, नाही तर धडधाकट दिसणारे माणूस एक दिवस उभ्याउभ्या कोसळते. आमची आई तशीच कोसळली. ताई तपासून घ्यायला तयार नाही. खाली जे लिहिते आहे ते सगळे या एका गोष्टीपुढे किरकोळ आहे, तरी रीतीप्रमाणे लिहिते.

कलम पहिले. आईवडिलांच्या घरातला माझा अर्धा वाटा ताईचा. तसा तो आधीपासून तिचाच होता. गळके छप्पर, कुरकुरणारा जिना आणि तिथे राहायला येणारी माणसे, सगळ्यांना तिनेच सांभाळले.

कलम दुसरे. माझ्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक हीही ताईलाच. खोल्या विकाव्यात किंवा भाड्याने द्याव्यात, तिची मर्जी. पडदे आधी काढून टाकावेत. ती आली की त्यांच्याकडे पाठ करून बसते.

कलम तिसरे. भिंग, टेबलावरचा दिवा आणि कार्डांची खोकी आमच्या कार्यालयातल्या मुद्रितशोधक बाईंना द्यावीत. त्यांच्याबरोबर 'रन' हा शब्दही.

याचा खुलासा करायला हवा. आमचा कोश इंग्रजी-मराठी आहे आणि 'रन' हा इवलासा शब्द माझ्या वाट्याला आला. इंग्रजीत त्या एकट्यावर भागते, मराठीत मात्र दर वेळी नवे क्रियापद शोधावे लागते. माणूस पळतो, नदी वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, दुकान चालते, नळ सोडलेला असतो. निवडणुकीत इंग्रजीतला उमेदवार पळतो आणि आपला उभा राहतो, यावर आमच्या कार्यालयाने एक अख्खी दुपार हसण्यात घालवली होती.

आमच्याकडे एक नियम आहे. प्रत्येक अर्थाखाली द्यायचे वाक्य खरोखर कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले हवे, आणि छापण्याआधी ते त्या माणसाला वाचून दाखवायचे. तो हो म्हणाला तरच घ्यायचे. मिंधेपणाने किंवा भिडेखातर दिलेला होकार संपादक धरत नाहीत.

माझी निम्मी वाक्ये ताईची आहेत. "नळ सोडून कुठे गेलीस, पाण्याचं बिल तुझा कोश भरणार का?" हे तिचे. "तुझ्या लाल स्वेटरचा रंग गेला आणि माझ्या चादरी गुलाबी झाल्या," हेही तिचेच. ते वाचून दाखवले तेव्हा तिने विचार केला आणि म्हणाली, "घे. पण 'पांढऱ्या चादरी' म्हण. नाहीतर लोकांना वाटेल, आधीच गुलाबी होत्या."

पळून जाणे या अर्थाखाली मात्र मी कोणाचेही वाक्य घेतलेले नाही. बाविसाव्या वर्षी मी लग्नासाठी घर सोडले. महिना व्हायच्या आत आई गेली. "पोरगी पळाली आणि जाताना आईलाही घेऊन गेली," असे काका भरल्या घरात म्हणाले. ताईने ते खोडले नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. माझे लग्न मोडले, मी परत आले, तिने जेवायला वाढले. पण ते वाक्य आमच्या दोघींच्या मधे बसूनच राहिले.

कलम चौथे. काकांना मी काहीही देत नाही, माफीसुद्धा नाही. ते भेटायला आले तर ताईने चहा द्यावा. बिस्किटे देऊ नयेत.

कलम पाचवे, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी ताईकडे गेले तेव्हा ती इस्त्री करत होती.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"आईलाही काही झालेलं नव्हतं, ताई."

"आईला काय झालं होतं ते मला माहीत आहे."

झालेल्या अभ्र्यावर तिने पुन्हा इस्त्री फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि माझ्यातही तेच निघालं तर? मग इतकी वर्षं मी तुझ्यावर कशाला रागावले होते?"

तिने इस्त्रीची पिन काढली आणि मला निघायला सांगितले, उशीर झाला तर बस मिळणार नाही म्हणाली.

वकिलांनी यावर तोडगा काढला होता: बहिणीने तपासणी केल्याचा कागद दाखवावा, तरच तिला घर मिळावे. अशा अटी चालतात, असे ते म्हणाले. मी ती ओळ खोडली. एक तर ताई घरावर पाणी सोडेल आणि भाड्याच्या खोलीत ताठ मानेने राहायला जाईल. आणि अट घालून मिळालेला होकार आमच्या कार्यालयात चालत नाही, तो मी माझ्या बहिणीकडून कसा घेऊ?

म्हणून कोणतीही अट नाही. तपासणीत काहीही निघो, ताईने माझ्यावरचा राग सोडावा, असेही माझे म्हणणे नाही. तो तिने एकटीने वाढवला आहे, तो तिच्या मालकीचा राहील. ठेवायचा की टाकायचा, तिने ठरवावे.

हा कागद माझ्यामागे उघडायचा नाही. उद्या मी स्वतः तो ताईला वाचून दाखवणार आहे.

सही: (केली आहे)
साक्षीदार: १. समोरच्या दुकानातले घड्याळजी. २. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका. (वाटा मिळणाऱ्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले, म्हणून ताई नाही.)
ठिकाण: माझी राहती खोली
दिनांक: चौदा, मंगळवार

सहीच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, म्हणून हे इथे लिहिते. ताई, तू नाही म्हणशील, आणि मी वाचायची थांबायच्या आतच म्हणशील. तरी विचारते. गुरुवारी तू डबा घेऊन येशीलच. तपासणीची खोली तळमजल्यावर आहे, जिन्याच्या अलीकडे. वर माझ्याकडे येण्याआधी डबा तिथल्या बाकावर ठेवून आत जाशील का?